ऑनसाइट आलात? मग ट्रिप रविवार रात्रीपासून उलटी ठरवा

नवीन ऑनसाइट आलेल्या, म्हणजे आयटी कंपनीने भारतातून अमेरिकेत कामाला पाठवलेल्या, माणसाचं साधारण ठरलेलं असतं. पहिला आठवडा बँक, सिम आणि अपार्टमेंट, दुसरा आठवडा गादी आणि कुकर, आणि तिसऱ्या शुक्रवारी लंचला कुणीतरी म्हणतं, चला रे नायगारा करू. मग सात डोकी, एक भाड्याची व्हॅन, रात्री अकराला निघायचं, ड्रायव्हिंग येणारे दोनच, त्यातला एक पहाटे तीनला झोपेला आलेला, आणि सोमवारच्या स्टेटस कॉलला अख्ख्या टीमचे कॅमेरे बंद. मी पण केलंय हे. फोटो छान आलेत, पण धबधबा किती वेळ बघितला विचारलं तर चाळीस मिनिटं.

त्यानंतर दोन वर्षात बरंच फिरले, बरेच पैसे पाण्यात घातले, आणि हळूहळू एक पद्धत बसली, ती इथे लिहितेय. मी होते हार्टफर्डला, कनेक्टिकटमधलं इन्शुरन्स कंपन्यांचं गाव, आपले आयटीवाले भरपूर, आणि रविवारी डाउनटाउनमध्ये कावळा पण दिसत नाही. पण जागा मोक्याची, एकीकडे बॉस्टन आणि दुसरीकडे न्यूयॉर्क, दोन्हीकडे शंभर-सव्वाशे मैल. त्यामुळे माझी उदाहरणं तिकडची आहेत, तुम्ही कोलंबसला किंवा शार्लटला असाल तर गावांची नावं बदला, हिशोब तोच.

पायरी १: आधी परतीची गाडी

सगळे आधी शहर ठरवतात. मी म्हणते आधी रविवारी रात्री किती वाजता घरी पोचायचंय ते ठरवा. कारण आपला आठवडा इथल्या लोकांसारखा नसतो. ऑफशोअरला, म्हणजे भारतातल्या टीमकडे, सोमवार सकाळचे आठ वाजतात तेव्हा ईस्ट कोस्टला रविवार रात्रीचे साडेदहा असतात, हिवाळ्यात घड्याळं मागे गेली की साडेनऊ. पहिला कॉल किंवा निदान पहिला "अर्जंट आहे" मेसेज तेव्हाच येतो. पण उलट बाजूने फायदा पण आहे की, शुक्रवारी इथे दुपारचे बारा वाजले की तिकडे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, टीम घरी जाऊन जेवलेली असते, तुम्हाला कोणी शोधत नाही. म्हणजे आपला वीकेंड शुक्रवार दुपारी सुरू होतो आणि रविवार संध्याकाळी संपतो. मॅनेजरला आधी सांगून तीन-चारला निघालात तर शुक्रवारची रात्र पदरात पडते, आणि रविवारी जास्तीत जास्त आठपर्यंत घरात. एवढ्या वेळात जे शहर बसतं तेच करायचं, नाही बसत ते लाँग वीकेंडला.

तिकीट काढायच्या आधी दोन कॅलेंडर बघा. एक प्रोजेक्टचं रिलीज कॅलेंडर, म्हणजे नवीन सॉफ्टवेअर चालू करायचे दिवस, कारण रिलीज असलेल्या शनिवारी तुम्ही स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्या बोटीत लॅपटॉप उघडून बसणार, मी बसलेली बघितलीयेत माणसं. दुसरं इथल्या सुट्ट्यांचं: मेचा शेवटचा सोमवार मेमोरियल डे, ४ जुलै, सप्टेंबरचा पहिला सोमवार लेबर डे, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार थँक्सगिव्हिंग. या दिवसांत सगळी अमेरिका रस्त्यावर असते आणि तिकिटं दीड-दोनपट, म्हणून तेव्हाची ट्रिप दोन महिने आधी बुक करायची नाहीतर सरळ घरी श्रीखंड करायचं.

पायरी २: कागद

यात फार काही नाही पण टाळाटाळ नको. पासपोर्ट, आय-९४ ची (देशात आल्याची सरकारी नोंद) प्रिंट, एच-वन किंवा एल-वन व्हिसा असेल तर अप्रूव्हलची कॉपी. आय-९४ सरकारी साइटवरून फुकट निघतो, पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही. देशातल्या देशात विमानाने जाताना सुद्धा आयडी लागतो, इथलं लायसन अजून झालं नसेल तर भारतीय पासपोर्ट चालतो, कोणी वेडंवाकडं बघत नाही. सगळ्याचे फोटो फोनमध्ये आणि एक मेल स्वतःलाच.

आणि वीकेंडचं फिरणं हे आपलं खासगी फिरणं आहे, कंपनीच्या कार्डावर एक कॉफी पण नको. एक्सपेन्स रिपोर्टमध्ये "न्यूयॉर्क, शनिवार" दिसलं की चार ईमेल होतात.

पायरी ३: शहर पायाचं की चाकाचं

हा प्रश्न नाही विचारला की पैसे जातात. अमेरिकेत मोजकीच शहरं गाडीशिवाय नीट फिरता येतात: न्यूयॉर्क, बॉस्टन, वॉशिंग्टन डीसी, शिकागो, फिलाडेल्फिया, सॅन फ्रान्सिस्को. ही पायाची. इथे गाडी नेणं म्हणजे दगडूशेठच्या बाहेर गणपतीत गाडी लावायला जागा शोधणं. बाकी लॉस एंजेलिस, ह्यूस्टन, डॅलस, अटलांटा, ही चाकाची. तिथे थोडीफार मेट्रो असली तरी एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला गाडीच लागते, आणि हॉटेलसमोरचं दुकान चालत पाच मिनिटांवर दिसतं पण मधे आठ पदरी रस्ता आणि फुटपाथच नाही.

नवीन माणसाने पहिले तीन-चार वीकेंड पायाची शहरंच करावीत. एकेका वीकेंडला एकच शहर. "जाता जाता फिलाडेल्फिया पण करू" हे वाक्य जो बोलेल त्याला घरी ठेवून जा.

पायरी ४: न्यूयॉर्कवर हात बसवा

हार्टफर्डहून मी असं जायचे: शुक्रवारी संध्याकाळी हार्टफर्ड लाइनची ट्रेन, पाऊण तासात न्यू हेवन, तिथून मेट्रो-नॉर्थची ट्रेन, दोन तासात थेट न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल. थेट बस पण आहे, ती स्वस्त पडते कधीकधी, पण शुक्रवारी संध्याकाळी हायवेवर बस जी थांबते ती थांबते, ट्रेन बरी. न्यू हेवनला दोन स्टेशनं आहेत, स्टेट स्ट्रीट आणि युनियन स्टेशन. आपल्याला युनियन. पहिल्या वेळी मी घाईत स्टेट स्ट्रीटला उतरले, पुढची गाडी डोळ्यांसमोरून गेली, आणि चाकाची बॅग ओढत थंडीत चालत युनियन गाठलं. मेट्रो-नॉर्थचं तिकीट चढायच्या आधी ॲपवर नाहीतर मशीनवर काढायचं, गाडीत कंडक्टरकडून घेतलं तर बरंच महाग पडतं. शनिवार-रविवार दिवसभर ऑफ-पीकचं स्वस्त तिकीट चालतं.

ग्रँड सेंट्रलला उतरलात की लगेच बाहेर पळू नका. १९१३ सालचं स्टेशन आहे, मुख्य हॉलमध्ये वर हिरवट-निळ्या छतावर तारे काढलेत आणि मधोमध माहिती खिडकीवर चार तोंडांचं घड्याळ आहे. ग्रुपमधलं कोणी हरवलं तर भेटायची जागा हीच, आधीच सांगून ठेवा, कारण खाली सबवेत, म्हणजे भुयारी मेट्रोत, रेंजचा भरवसा नाही.

सबवेचं: मेट्रोकार्डचे दिवस गेले, २०२५ संपताना त्याची विक्री बंद झाली. आता आपलं साधं टॅपवालं क्रेडिट-डेबिट कार्ड किंवा फोन गेटला लावायचा. जानेवारी २०२६ पासून एका फेरीचे तीन डॉलर. पण खरी गोम अशी की सात दिवसांत एकाच कार्डाने ३५ डॉलर झाले की पुढच्या फेऱ्या फुकट. एकाच कार्डाने हं. एकदा फोन आणि एकदा प्लास्टिक असं केलं तर कार्ड तेच असलं तरी हिशोब वेगळा वेगळा धरतात. आणि चौघांत एक कार्ड फिरवू नका, प्रत्येकाचं आपापलं.

अपटाउन म्हणजे उत्तरेला, डाउनटाउन म्हणजे दक्षिणेला, हे एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. काही स्टेशनांच्या जिन्यावर फक्त "अपटाउन" लिहिलेलं असतं, तिथून आत गेलात तर पलीकडच्या प्लॅटफॉर्मला जायला आतून वाट नसते, बाहेर येऊन रस्ता ओलांडून परत टॅप. एक्स्प्रेस आणि लोकल हा प्रकार दादर-कल्याणवाल्यांना शिकवायला नको, पुणेकरांनी जरा बघून चढावं. वीकेंडला रुळांची कामं चालू असतात म्हणून गाड्या भलत्याच मार्गाने जातात, भिंतीवरचे कागद वाचा. आणि खच्चून भरलेल्या गाडीत एकच डबा रिकामा दिसला तर "वा, जागा आहे" म्हणून शिरू नका. का ते दार बंद झाल्यावर नाकाला कळतं.

पहिल्या दिवशी काय बघायचं? माझं मत, स्टॅच्यूच्या बेटावर जायची घाई करू नका. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाहून स्टेटन आयलंड फेरी सुटते, पूर्ण फुकट, चोवीस तास चालू, पंचवीस मिनिटांचा प्रवास, आणि जाताना उजव्या बाजूने देवी नीट दिसते. या फेरीचं तिकीटच नसतं, त्यामुळे बाहेर कोणी जॅकेट घालून तिकीट विकत असेल तर तो फसवतोय. बेटावर जायचंच असेल तर अधिकृत बोट बॅटरी पार्कहून किंवा न्यू जर्सीच्या लिबर्टी स्टेट पार्कहून सुटते, आणि मुकुटापर्यंत चढायचं तर तिकीट फार आधी संपतं. टाइम्स स्क्वेअरला रात्री एकदा जा, वीस मिनिटं पुरे. तिथे कार्टूनचे ड्रेस घातलेले लोक गळ्यात हात टाकून फोटो काढतात आणि मग पैसे मागतात, हातात सीडी किंवा मण्यांचं ब्रेसलेट देणारे तेच. हात खिशात ठेवून चालायचं.

ब्रुकलिन ब्रिज चालायचा असेल तर सबवेने आधी ब्रुकलिनला जा आणि चालत मॅनहॅटनकडे या, इमारती समोर राहतात.

डॉ. आंबेडकर १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले ते पण इथेच, १ नंबरची गाडी, ११६ स्ट्रीट. तिथल्या लेहमन लायब्ररीत त्यांचा अर्धपुतळा आहे. पण कॅम्पसमध्ये बाहेरच्यांना सोडतायत की नाही ते निघायच्या आधी बघून घ्या, गेटवरून परत यावं लागलं की हिरमोड होतो.

मॅनहॅटनमध्ये गाडी अजिबात नको. पार्किंगचं तर आहेच, वर जानेवारी २०२५ पासून साठाव्या स्ट्रीटच्या खाली गाडी घातली की दिवसा नऊ डॉलर वेगळे.

एक ठिकाण जे यादीत नसतं

ग्रँड सेंट्रलहूनच मेट्रो-नॉर्थची हडसन लाइन सुटते, शेवटचं स्टेशन पोकिप्सी, जवळपास दोन तास. जाताना डाव्या बाजूच्या खिडकीत बसा, रूळ अगदी नदीला लागून जातात. पोकिप्सीच्या रूरल सिमेटरीत आनंदीबाई जोशींच्या अस्थी आहेत. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून १८८६ साली डॉक्टर झाल्या, कोल्हापूरला नोकरी मिळाली होती, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, वयाची बावीस वर्षं पण पुरी नव्हती. अमेरिकेत ज्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी त्यांना मुलीसारखं ठेवून घेतलं, त्यांच्याकडे अस्थी पाठवल्या आणि त्यांनी त्या आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या.

मी ऑक्टोबरमध्ये गेले होते, हार्टफर्डहून गाडीने, दीड-पावणेदोन तास लागले. सिमेटरी खूप मोठी आहे, आधी ऑफिसात विचारून नकाशावर खूण करून घ्या, नाहीतर तासभर फिराल. दगड साधाच आहे, आजूबाजूला सगळी कार्पेंटर मंडळी आणि मधे हे मराठी नाव, जोशीचं स्पेलिंग दोन ई लावून. कोणीतरी आधी येऊन गेलेलं असावं, दगडाजवळ काचेच्या बांगड्या ठेवलेल्या होत्या, हिरव्या, त्यावर मेपलची पानं पडलेली. मी पंधरा मिनिटं म्हणून गेले आणि तासभर तिथेच बसले. अमेरिकेत आल्यापासून थंडी, जेवण, एकटेपणा यावर मी आईकडे जेवढं रडले होते ते त्या दिवसानंतर जरा कमी झालं. ज्यांना गाडी नाही त्यांनी स्टेशनवरून कॅब करावी, आणि परतीची कॅब आत असतानाच बुक करावी.

पायरी ५: बॉस्टन आणि डीसी, पटकन

बॉस्टन हार्टफर्डहून बसने दोन-अडीच तास, साउथ स्टेशनला उतरवतात. एका दिवसात जाऊन येता येतं. बॉस्टन कॉमन बागेतून जमिनीवर लाल पट्टा सुरू होतो, अडीच मैलांचा फ्रीडम ट्रेल, तो पकडून नुसतं चालत राहायचं, गाइड नको. विमानाने आलात तर लोगन विमानतळाहून गावात यायला सिल्व्हर लाइन बस फुकट आहे, जाताना मात्र तिकीट. रात्री एकच्या सुमाराला मेट्रो बंद होते, न्यूयॉर्कसारखी चोवीस तास नाही.

डीसी मात्र लाँग वीकेंडचं काम. नॅशनल मॉल, म्हणजे शहराच्या मधलं लांबलचक मैदान, त्यावरची स्मिथसोनियन संस्थेची म्युझियम सगळी फुकट, आणि इतकी आहेत की दोन दिवसांत तीन झाली तरी पुष्कळ. एअर अँड स्पेसला फुकटच पण वेळेचा पास आधी ऑनलाइन काढायचा असतो, ते निघायच्या आधी बघून घ्या. म्युझियमांतलं खाणं महाग, बॅगेत पराठे ठेवा. लिंकन मेमोरियल रात्री बघा, चोवीस तास उघडं असतं आणि रात्री गर्दी पण ओसरते. चेरीची फुलं मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला, टोकियोने १९१२ साली दिलेली झाडं, सुंदर दिसतात पण तेव्हा हॉटेलचे दर बघून तुमचा चेहरा फुलांसारखा गुलाबी होईल.

म्युझियमांवरून आठवलं, गावच्या पब्लिक लायब्ररीचं कार्ड पहिल्याच महिन्यात काढा. पत्त्याचा पुरावा दाखवला की फुकट मिळतं, आणि बऱ्याच लायब्रऱ्या म्युझियमचे पास पुस्तकासारखे घरी देतात, आत फुकट किंवा अर्ध्या पैशात सोडतात. हे मला दीड वर्षाने कळलं, तोवर तिकिटांवर किती गेले याचा हिशोब मी केलेला नाही आणि करणार पण नाही.

पायरी ६: गाडी, आणि हो, नायगारा

भाड्याची गाडी घ्यायची तर भारतातून निघायच्या आधी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून आणा, एक वर्ष चालतं, सोबत मूळ लायसन लागतंच. किती दिवस चालेल हे राज्यागणिक वेगळं आहे, आणि राहायला आलात म्हटल्यावर तिथलं लायसन काढावंच लागतं. पंचवीस वर्षांच्या आतल्यांना रोजचा जादा चार्ज. काउंटरवर क्रेडिट कार्डावर दोन-तीनशे डॉलर अडकवून ठेवतात, आणि नवीन माणसाच्या कार्डाची लिमिटच पाचशे असते, म्हणजे संध्याकाळी हॉटेलवर कार्ड डिक्लाइन. दुसरं कार्ड ठेवा जवळ. इन्शुरन्समध्ये दोन गोष्टी वेगळ्या असतात, भाड्याच्या गाडीचं नुकसान आणि समोरच्याचं नुकसान. दुसऱ्यात हयगय नको, इथे समोरच्याचं हॉस्पिटलचं बिल तुमच्या सांगलीच्या फ्लॅटपेक्षा मोठं होऊ शकतं. गाडी घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, चाकं पण.

रस्त्यावरचं थोडक्यात. पिवळी स्कूल बस लाल दिवे लावून थांबली की आपण थांबायचं, आणि मधे दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यांनी पण. चारी बाजूंना स्टॉपची पाटी असेल तर जो आधी आला तो आधी जाणार, आणि पूर्ण थांबायचं, आपल्यासारखं "स्लो केली ना" चालत नाही. लाल सिग्नलला थांबून उजवीकडे वळता येतं बहुतेक ठिकाणी, न्यूयॉर्क शहरात मात्र नाही. पोलिसाने मागून दिवे लावले तर उजवीकडे गाडी घ्या, आतच बसा, हात स्टिअरिंगवर, कागद काढायला वाकू नका, तो मागेल तेव्हा सांगून काढा. न्यू जर्सीत पेट्रोल स्वतः भरायचं नसतं, माणूस येऊन भरतो, आपल्या पंपासारखं, मला तिथे भरून आलं होतं.

टोलचं लक्षात ठेवा. मॅसॅच्युसेट्सचा टर्नपाइक आणि न्यूयॉर्कचा थ्रूवे, दोन्हीवर आता टोलनाकाच नाही, कॅमेरा नंबर प्लेटचा फोटो घेतो. आम्ही नायगाराहून आलो, "अरे टोल लागलाच नाही" म्हणून खूश, आणि तीन आठवड्यांनी गाडीवाल्या कंपनीकडून टोल अधिक त्यांची रोजची सर्व्हिस फी असं कार्डावर पडलं, फी टोलपेक्षा जास्त. स्वतःचा ई-झेडपास, म्हणजे इथला फास्टॅग, काढून भाड्याच्या गाडीची नंबर प्लेट त्यात तेवढ्या दिवसांपुरती टाकता येते. चौघांत मिळून एक काढा.

आता नायगारा. हार्टफर्डहून चारशे मैलांच्या आसपास, सहा-साडेसहा तास, थांबे वेगळे. एका रात्रीत जाऊन-येऊन करू नका, एक रात्र तिथे राहाच, अंधार पडल्यावर धबधब्यावर रंगीत दिवे सोडतात. बोट, मेड ऑफ द मिस्ट, अमेरिकेच्या बाजूची, निळे रेनकोट देतात, वसंतात सुरू होते आणि नोव्हेंबरच्या सुमाराला बंद. फेब्रुवारीत जाऊन "बोट कुठेय" विचारणारे आमच्याच ऑफिसातले होते.

सगळ्यात महत्त्वाचं: समोर कॅनडा आहे आणि तिकडून धबधबा जास्त चांगला दिसतो हे खरंय, पण अमेरिकेचा व्हिसा कॅनडात चालत नाही, भारतीय पासपोर्टला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. आमचा ड्रायव्हर फोनमधल्या बाईच्या भरवशावर पार्किंग शोधत शोधत पुलाच्या लेनमध्ये शिरला होता, मागच्या सीटवरून एकजण ओरडला "अरे कॅनडाची पाटी आहे, कॅनडाची!" आणि शेवटच्या वळणाला कशीबशी गाडी बाहेर काढली. गाडीत दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मॅपमध्ये नुसतं "नायगारा फॉल्स" टाकू नका, दोन्ही देशांत त्या नावाचं शहर आहे. नायगारा फॉल्स स्टेट पार्क, न्यूयॉर्क, असं पूर्ण टाका.

पायरी ७: विमानाची शहरं

स्वस्त तिकीट दिसलं की आधी बॅगेचे पैसे बघा. काही एअरलाइन्स केबिन बॅगचे पण घेतात, फक्त सीटखाली मावेल ती पिशवी फुकट, आणि ४० डॉलरचं तिकीट गेटवर शंभरच्या पुढे जातं. लोणच्याची बाटली केबिनमध्ये नको, ते पण लिक्विडमध्ये धरतात, रडू येतं कचऱ्याच्या डब्यात जाताना.

पश्चिमेला जाताना तीन तास मिळतात आणि येताना जातात. म्हणून कॅलिफोर्नियाहून रविवारी परत यायचं तर सकाळचं विमान, नाहीतर रात्रभर प्रवास करून सोमवारी विमानतळावरून थेट ऑफिस. चौथ्या वेळी मी हे बंद केलं. सॅन फ्रान्सिस्कोला जुलैत जॅकेट लागतं, धुकं आणि वारा. अल्काट्राझ, म्हणजे बेटावरचा जुना तुरुंग, त्याचं तिकीट कित्येक आठवडे आधी. आणि उभ्या गाडीत पिशवी तर सोडाच, चार्जरची वायर पण दिसू देऊ नका, काच फोडतात.

ईस्ट कोस्टवाल्यांना वीकेंडमध्ये नीट बसणारं विमानाचं शहर म्हणजे शिकागो, तिकडे जाताना एक तास मिळतो. ओहेअर विमानतळाहून ब्लू लाइन मेट्रो थेट गावात, दिवसरात्र चालू. मिलेनियम पार्कमधलं ते चकचकीत शेंगदाण्यासारखं शिल्प, ते लोक घेवडा म्हणतात, फुकट. समोर मिशिगन ॲव्हेन्यूवर आर्ट इन्स्टिट्यूट. ११ सप्टेंबर १८९३ ला विवेकानंद बोलले ती धर्मसंसद याच इमारतीत भरली होती, बाहेरच्या रस्त्याच्या तुकड्याला त्यांच्या नावाची तपकिरी पाटी आहे. जेवायला डेव्हन ॲव्हेन्यू, आपल्या देशी हॉटेलांचा रस्ता, जरा लांब आहे पण जा. जानेवारी-फेब्रुवारीत तपमान बघताना "फील्स लाइक" बघायचं, तळ्यावरून येणारा वारा कानाला चावतो, टोपी कानाखाली येणारी हवी.

पायरी ८: राहणं, खाणं, पैसे

हॉटेलचा दिसणारा रेट आणि शेवटचा रेट यात टॅक्स, कधी रिसॉर्ट फी, आणि शहरात पार्किंगचे रात्रीचे चाळीस-पन्नास डॉलर, सगळं मिळवून मग तुलना करा. न्यूयॉर्कला जायचं तर जर्सी सिटी किंवा लाँग आयलंड सिटीला राहा, ट्रेन हाताशी, रेट बरा. रूम तीनच्या आधी मिळत नाही पण बॅग काउंटरवर ठेवून घेतात, नुसतं विचारायचं. एकट्या मुलींनो, स्टेशनपासून हॉटेल रात्री किती चालावं लागतं ते मॅपमध्ये रस्त्याचे फोटो उघडून बघा, "०.६ मैल" म्हणजे कधी उजेडातली दुकानं आणि कधी पुलाखालचा बोगदा.

दुकानातल्या किमतीत टॅक्स धरलेला नसतो. न्यूयॉर्क शहरात ८.८७५ टक्के, म्हणून हॉटेलात टिपचा सोपा हिशोब, बिलावरच्या टॅक्सची दुप्पट करा, जवळपास अठरा टक्के होतात. बसून जेवलात आणि वेटरने वाढलं तर टिप द्यायचीच, काउंटरवरून कॉफी उचलली आणि त्याने स्क्रीन फिरवला तर नाही दिली तरी चालतं, त्याच्याकडे न बघता बटण दाबायला शिका. सहाच्या वरचा ग्रुप असेल तर टिप बिलातच लावतात कधीकधी, दोनदा देऊ नका.

शाकाहारी मंडळी, "व्हेज सूप" म्हटलं तरी पाणी चिकनचं असू शकतं, ब्रॉथ कसला हे विचारायचं. बीन्समध्ये लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, आहे का, तेही. फलाफल, बीन्स-राइसचा बोल आणि पिझ्झा यावर अमेरिकेत कुठेही निभतं. न्यूयॉर्कला ग्रँड सेंट्रलहून ७ नंबरची गाडी पकडून जॅक्सन हाइट्स, ७४ स्ट्रीटला उतरलं की जिन्याखालीच समोसा-जिलबी. नाहीतर लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर २८ स्ट्रीटच्या आसपास डोसे, ग्रँड सेंट्रलहून चालत जाण्यासारखं. नळाचं पाणी प्यायला चालतं, बाटल्या विकत घेत बसू नका. बाथरूमची मात्र खरी अडचण, सार्वजनिक फार कमी, लायब्ररी, म्युझियम, मोठं स्टेशन दिसलं की गरज नसली तरी जाऊन यायचं.

रविवारी शहरातून निघताना वेळापत्रकातली शेवटची गाडी धरू नका, शेवटून दुसरी धरा. चुकली तर एक शिल्लक असते. मी दुपारी तीनच्या आसपास ग्रँड सेंट्रल सोडायचे, न्यू हेवनला गाडी बदलून साडेसहा-सातला हार्टफर्ड. वाटेत जॅक्सन हाइट्सचं एक पार्सल बॅगेत असायचंच, ते मायक्रोवेव्हला लावायचं, लॅपटॉप चार्जिंगला, ओले मोजे हीटरवर, आणि कॉल सुरू व्हायच्या आधी तासभर झोप.